पाऊल उचलत नाही : गुडघ्याबाहेरची नस आणि आपली बसून करायची कामे



हंगाम तोंडावर आला की या पानांवर आम्ही ऊसनोंदणी, तोडणीची पाळी आणि गाड्यांचे वेळापत्रक यांविषयी लिहितो. या वेळी थोडी जागा पायांसाठी मागून घेतली आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान कापणी आणि ऊस तोडणी जवळजवळ हातात हात घालून येतात. दोन-अडीच महिने माणूस एक तर वाकलेला असतो, नाही तर उकिडवा बसलेला असतो. याच दिवसांत एक तक्रार कानावर येते. "पायात चप्पल राहूनच नाही राह्यली जी, पाय घासत जाते." दुखत काही नसते. सूज नाही, ताप नाही. पण चालताना पाऊल पुढून लोंबते, अंगठा बांधाच्या मातीत अडतो, आणि माणूस गुडघा वर उचलून, चिखलातून चालल्यासारखा चालतो.

मग घरात निदान सुरू होते. कोणी म्हणतो लकवा, कोणी म्हणतो वारे गेले, कोणी करणीचे नाव घेतो. तेल चोळून होते, वैदू होतो, कुठे कुठे डाग देऊन होतो. यात दीड-दोन महिने सहज जातात. दुखत नाही म्हणून घाई नाही, असा हिशेब असतो. हा हिशेब पुष्कळदा महाग पडतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी शब्दाचा घोळ काढू. आपण बोलताना रक्त वाहते तिलाही शीर म्हणतो आणि संवेदना वाहते तिलाही शीर म्हणतो. डॉक्टर दुसरीला मज्जातंतू म्हणतात. या लेखात आम्ही तिला नस म्हणू. नस म्हणजे वायर समजा. स्टार्टरपासून विहिरीतल्या मोटरीपर्यंत केबल जाते. मोटर चांगली आहे, लाइन आलेली आहे, पण मध्येच केबलवर दगड पडला तर पंप चालत नाही. मोटर उघडून बसण्यात अर्थ नसतो, दगड शोधावा लागतो. पायाचेही तसेच आहे. पाऊल लुळे पडले म्हणून पावलाला तेल चोळणे म्हणजे चांगली मोटर उघडण्यासारखे आहे. बिघाड बहुधा वर असतो.

केबलला वरून आवरण असते आणि आत तांबे असते. नसेलाही तसेच आवरण आणि आतला तंतू असतो. नुसते आवरण चेपले असेल तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ते भरून येते आणि पाऊल पुन्हा उचलू लागते. आतला तंतूच तुटला असेल तर मात्र तो वरून खाली नव्याने वाढत यावा लागतो. त्याची चाल रोज सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. तो स्नायूपर्यंत पोहोचेस्तोवर इकडे स्नायू काम नसल्याने सुकत जातो. वर्ष-दीड वर्ष उलटले की सुकलेला स्नायू नस आली तरी नीट उठत नाही. म्हणून दिवस मोजायचे.

आता ती जागा. बसल्या बसल्या करून पाहा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, चार बोटे खाली, हाताला एक गाठीसारखे हाड लागते. पोटरीत जी दोन हाडे असतात त्यांतल्या बारीक हाडाचे ते डोके. त्या गाठीच्या जरा खाली आणि मागे बोट दाबून आडवे फिरवले की दोरीसारखे काही तरी सरकते आणि पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत झिणझिण्या जातात. तीच ती नस. कमरेतून निघालेली शरीरातली सर्वांत जाड नस मांडीच्या मागून उतरते. गुडघ्याच्या वर तिच्या दोन फांद्या होतात. एक मागून पोटरीत आणि तळपायात जाते. दुसरी बाहेरच्या बाजूने या हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे येते. पाऊल वर उचलणे, बोटे वर करणे आणि पाऊल बाहेर वळवणे हे तिचे काम. पावलाच्या वरच्या कातडीची जाणीवही तिच्याकडेच. एवढे महत्त्वाचे काम, आणि वळशाच्या जागी तिच्यावर मांसाचा थर नाही. खाली हाड, वर कातडी. देवाने केबल उघड्यावर टाकली आहे, असे म्हटले तरी चालेल.

आपण उकिडवे बसतो तेव्हा गुडघा पुरता दुमडतो. नस ताणली जाते आणि हाड व स्नायूंच्या कडा यांच्या मध्ये चेपते. तिला जाणारा बारीक रक्तपुरवठाही अडतो. पाच-दहा मिनिटांत काही होत नाही, पाय फक्त झोपतो, उठले की मुंग्या येऊन जागा होतो. त्या मुंग्या म्हणजे नसेने घातलेली हाक. कामाच्या नादात ती ऐकली नाही, तसेच दोन-तीन तास सरकत सरकत पुढे गेलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असे झाले की एखाद्या संध्याकाळी उठताना पाऊल सोबत येत नाही.

हे दुखणे काही आपल्याच नशिबी आलेले नाही. अमेरिकेत बसून स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांचे पाऊल असेच पडते हे तिथल्या डॉक्टरांनी १९८० साली लिहिले आणि त्या दुखण्याला त्या मजुरांचेच नाव दिले. आपल्याकडे स्ट्रॉबेरी नाही, पण निंदण आहे, विळ्याने बुडापासून धान कापणे आहे, उसाचे बेणे छाटायला बसणे आहे, पाचट गोळा करणे आणि मोळ्या बांधणे आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचणे आहे, तेंदूपानांचे पुडे बांधणे आहे. गोंदिया तर विड्यांचे गाव म्हणून पिढ्यान् पिढ्या ओळखले जाते. विड्या वळायला बाया मांडी घालून तासन् तास बसतात. एका पायाची ही जागा दुसऱ्या पायावर किंवा जमिनीवर टेकून राहिली तर तिथेही तीच गत. यांतली बहुतेक कामे बायांकडे असतात, हे सभासद बंधूंनी ध्यानात घ्यावे. "आमच्या घरी कोणाला काही नाही" असे म्हणण्याआधी घरात विचारून पाहावे. बाई पाय घासत चालते आणि सांगत नाही, असे फार असते.

कोणाला जास्त भीती? सडपातळ माणसाला, कारण नसेवर आधीच चरबीचा आधार कमी. मोठ्या आजारातून उठून पंधरा-वीस किलो उतरलेल्याला. बाळंतपणात पाय फार वेळ दुमडून धरावे लागलेल्या बाईला. पायाला प्लास्टर असेल आणि त्याची वरची कड नेमकी या जागी रुतत असेल तर त्यालाही. प्लास्टर घातल्यावर बोटे वर होत नसतील तर सकाळची वाट न पाहता ते दाखवावे.

घरची परीक्षा सोपी आहे. अंगणात दहा पावले टाचांवर चालून दाखवायला सांगा, पुढचा पंजा वर उचलून. ज्या पायाचा पंजा खाली पडतो तो पाय दोषी. मग दोन्ही अंगठे वर करायला सांगा आणि वरून बोटाने दाबा. ज्या बाजूचा अंगठा लगेच हार मानतो ती बाजू समजली. शेवटी पावलाच्या वरच्या कातडीवर दोन्हीकडे कापूस फिरवा आणि सारखे लागते का ते विचारा. यासाठी पैसा लागत नाही.

असे पाऊल कमरेतल्या नसेमुळेही पडते. कमरेच्या मणक्यांतली चकती सरकली की तिथेच नसेचे मूळ दाबले जाते. अशा वेळी बहुधा कमरेपासून ढुंगणातून खाली कळ जाते, खोकलले की ती वाढते. डॉक्टर पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगतात. गुडघ्याबाहेरची नस दाबलेली असेल तर पाऊल आत जोराने वळते, कारण ते काम दुसऱ्या फांदीकडे आहे. मूळच कमरेत दाबले असेल तर आत वळवणेही ढिले पडते. एवढ्या एका गोष्टीवरून दगड कुठे पडला आहे याचा पुष्कळ अंदाज येतो.

दाबामुळे पडलेले पाऊल बहुतेकांचे सुधारते, पण दाब काढला तरच. उकिडवे बसणे बंद, मांडीवर मांडी बंद, त्या जागेवर चोळणे बंद. डाग तर मुळीच नको. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही, आणि नसेचे दुखणे राहते बाजूला, जखमच सहा महिने पुरते. पाऊल लोंबत राहिले तर मागचा स्नायूबंध आखडतो, म्हणून ते काटकोनात धरणारी पट्टी बुटात घालून देतात. तोवर घरच्या माणसाने रोज दोन-तीन वेळा हाताने पंजा वर उचलून टाच मोकळी ठेवावी. तीन आठवड्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर नसेतून वीज कशी जाते ती तपासणी करून घ्यावी. आवरण चेपले की तांबे तुटले, हे तीत कळते. फार आधी केली तर ती पुरते सांगत नाही.

चट्टा पाहिल्याशिवाय पाय तपासला असे म्हणू नये

हे सगळे वाचून "बसल्यामुळे झाले" म्हणत कोणी निश्चिंत होऊ नये. आपल्या पूर्व विदर्भात या नसेचा जुना वैरी दुसराच आहे. तो म्हणजे कुष्ठरोग. नाव काढले की लोक विषय बदलतात. आम्ही बदलणार नाही.

कुष्ठरोग हा मुळात कातडीचा नव्हे, नसांचा रोग आहे. त्याचे जंतू शरीराच्या थंड भागांतल्या, कातडीजवळच्या नसांत जाऊन बसतात. गुडघ्याबाहेरची ही नस आणि पायाच्या आतल्या घोट्यामागची तळपायाची नस या त्यांच्या आवडीच्या जागा. नस सुजते, दोरीसारखी जाड लागते, कधी ठणकते, कधी काही न बोलता मरत जाते. पहिली नस गेली की पाऊल पडते. दुसरी गेली की तळपाय बधिर होतो. ऊसवाल्यासाठी बधिर तळपाय म्हणजे मोठाच धोका. तोडलेल्या उसाची धारदार खुंटे, पाचट जाळल्यावर राखेखाली राहिलेला निखारा, बाभळीचा काटा. काटा मोडून आत राहतो, माणूस त्यावरच दिवसभर चालतो, संध्याकाळी चप्पल रक्ताने भिजलेली दिसते तेव्हा कळते. बोटे कुष्ठरोगाने झडतात असा समज आहे. खरे म्हणजे ती बधिरपणामुळे झालेल्या आणि दुर्लक्षिलेल्या जखमांनी जातात. म्हणजे ती वाचवता येतात.

म्हणून पाऊल पडले की अंगभर पाहावे. पाठ, ढुंगण, मांड्या, जिथे स्वतःची नजर जात नाही तिथे घरच्याने पाहावे. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर घाम नाही, केस विरळ, आणि कापसाचा स्पर्श कळत नाही, असे दिसले तर आशाताईला सांगावे किंवा सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या. घरातल्या निरोगी माणसांना तपासून प्रतिबंधाची एकच मात्रा देतात. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच काळात रोग दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळ रुग्णांना माहीत नसते. औषध चालू असताना, कधी ते संपल्यानंतरही, मेलेल्या जंतूंवर शरीर उसळते आणि नसा अचानक सुजतात. माणूस म्हणतो, "औषधानेच बिघडलं," आणि गोळ्या फेकून देतो. इथेच पाय जातो. गोळ्या सोडायच्या नाहीत, उलट त्याच दिवशी केंद्रात जायचे. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेवर सुरू झाल्या तर नस वाचण्याची चांगली आशा असते. लुळेपणा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते.

आणि कायमचे पडलेले पाऊलही अगदी निरुपाय नसते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे स्वातंत्र्याच्या सुमारास कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर दुरुस्तीची ऑपरेशने सुरू केली. पाऊल आत वळवणारा जो स्नायू शाबूत असतो त्याचे टोक पायाच्या पुढच्या बाजूला आणून बांधतात. मग तोच पाऊल उचलतो. एका बांधीला येणारे पाणी दांड फोडून दुसरीकडे वळवावे तसे. ऑपरेशननंतर नव्याने चालायला शिकावे लागते, पण चप्पल पायात राहते.

या कामात आपला भाग मागे नव्हता. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कायदाही आता बदलला आहे. १८९८ चा कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिलेले नाही. कायदा बदलला तरी पंगतीत बाजूला बसवणारी नजर उरलीच आहे, आणि त्या नजरेला भिऊन माणूस चट्टा लपवतो. सहा महिन्यांची मुदत संपते ती अशी.

साखरेच्या कारखान्याने साखरेबद्दल लिहावे काय?

लिहावे. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसांची टोके सुकू लागतात, आणि सर्वांत लांब नसा आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दोन्ही पाय सारखे, मोजा घातल्याप्रमाणे. रात्री आग होते, टोचते, मग हळूहळू जाणीव जाते. एकाच पायाचे पाऊल पडणे वेगळे आणि दोन्ही तळवे बधिर होणे वेगळे, हे ध्यानात ठेवावे. पण मधुमेह्याच्या नसा आधीच नाजूक असल्याने थोड्या बसण्यानेही त्यांची गुडघ्याबाहेरची नस दबते. चाळिशी ओलांडलेल्या सभासदाने वर्षातून एकदा साखर तपासून घ्यावी. उसाच्या वजनाची पावती जितक्या बारकाईने पाहतो तितक्या बारकाईने तो आकडा पाहावा.

तळपाय बधिर असेल, कारण कोणतेही असो, तर रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे पाहावेत. दिसत नसेल तर आरसा ठेवावा. अनवाणी शेतात जाऊ नये, चप्पल घालण्याआधी झटकावी, शेकोटीला पाय लावू नयेत. कुष्ठरोगाने कोरडा पडून भेगाळलेला पाय साध्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून जाड कातडी हलक्या हाताने घासावी व ओलसर असतानाच तेल लावावे. जखम असेल तर घासणे नको. मधुमेह्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तिथे तेल नको.

आणखी दोन-तीन गोष्टी उभ्या उभ्या सांगून टाकतो. ढुंगणात दिलेले इंजेक्शन चुकीच्या जागी, म्हणजे आतल्या किंवा खालच्या बाजूला गेले तर मोठ्या नसेलाच इजा होते आणि त्याच दिवशी पाऊल पडते. लहान मुलांत हे जास्त. गोळीने भागत असेल तर "सुई टोचाच" असा हट्ट धरू नये. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर होऊन जळजळत असेल, आणि पायाची ताकद ठीक असेल, तर बहुधा कमरेचा पट्टा, परकराची नाडी किंवा वाढलेले पोट जांघेजवळची एक नस दाबत असते. नाडी सैल करावी, घाबरू नये.

लाखोळीचेही विचारतात. लाखोळीच्या डाळीने पाय जातात ते निराळे. तिथे नस नव्हे, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू बाधित होते. पाय लुळे नव्हे तर ताठ होतात, गुडघे एकमेकांवर येतात, माणूस चवड्यांवर चालतो, पण स्पर्श कळतो. दुष्काळाच्या वर्षी महिनोन् महिने तेवढीच डाळ खाल्ल्याने हे होत असे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. भिजवून, पाणी फेकून शिजवल्याने विष कमी होते, आणि रोज तीच नको.

थांबायचे नाही असे प्रसंग थोडे आहेत, पण पाठ असावेत. दोन्ही पाय एकाएकी ढिले पडले आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय. पायांपासून सुरू झालेली कमजोरी दोन-चार दिवसांत वर चढू लागली तरी तेच. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात दूषित पाण्यानंतर असे पुष्कळ रुग्ण झाले होते. श्वास अडण्याची भीती असते, आणि वेळेवर दाखल झालेले बहुतेक बरे होतात. पंधरा वर्षांखालील मुलाचा पाय एकाएकी लुळा पडला तर आरोग्य खात्याला कळवलेच पाहिजे, पोलिओ गेला असला तरी.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून चालू आहे, त्यामुळे पहिल्या तपासणीसाठीच नागपूर गाठावे लागेल अशी स्थिती आता नाही. सालेकसा-देवरीकडच्या सभासदांनी आधी आपले प्राथमिक केंद्र गाठावे, चिठ्ठी घेऊन पुढे जावे. जाताना पाऊल कोणत्या दिवसापासून पडले ती तारीख कागदावर लिहून न्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

राहिले काम. काम बंद करा असे आम्ही कसे सांगणार, धान उभे आहे आणि उसाला तोड आली आहे. पण बेणे छाटताना आणि मोळ्या बांधताना खाली एक पाट, वीटभर उंचीचे लाकूड किंवा पाचटाने भरलेले पोते ठेवले की गुडघा पुरता दुमडत नाही. निंदणाच्या ओळीत दर अर्ध्या तासाला बांधापर्यंत एक फेरी मारून यावी, पाय झटकावेत, आणि मुंग्या आल्या तर ओळ तशीच सोडून आधी उठावे. टोळीच्या मुकादमांनीही या फेरीला कामचुकारपणा म्हणू नये, असे आमचे त्यांना सांगणे आहे.